गाडी भिंतीत आहे

तीर्थरूप दादास,

भिंतीच्या अलीकडून धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (भिंतीपाशी सामान पसरलं असल्यामुळे आडवं व्हायला जागा नाही, तेव्हा नमस्कार गुडघे दुमडून घातला आहे, गोड मानून घे.) तुझी तब्येत बरी असावी. काल सकाळी तू लागोपाठ पाच वेळा शिंकलास आणि सहावी आलीच नाही, त्यामुळे मलाच दिवसभर चुकल्या-चुकल्यासारखं होत होतं. गुडघा मात्र सुधारलेला दिसतो, कारण खुर्चीतून उठताना तू हल्ली पूर्वीइतका कण्हत नाहीस. आमच्याकडे सर्व ठीक. तीन वर्षं आपण एकमेकांशी बोललो नाही, पण मधे एकच वीट असल्यामुळे खबरबात तेवढी कळत राहते.

भांडणाचं कारण तुला आठवत असेलच. आईवडिलांची मोठी खोली दोघांत वाटायची ठरली, तेव्हा खिडकी कोणाकडे यावी हा प्रश्न निघाला. तू म्हणालास, धाकट्याला द्या. मी म्हणालो, दादाला द्या, घड्याळं दुरुस्त करायला त्याला उजेड लागतो. तू म्हणालास, मला कोणाचे उपकार नकोत. मी म्हणालो, मला तर मुळीच नकोत. गवंडी बिचारा दोन दिवस विटा भिजवून बसला होता. शेवटी त्याने वैतागून खिडकीच्या बरोब्बर मधे भिंत घातली आणि निघून गेला. तेव्हापासून एक झडप तुझ्याकडे, एक माझ्याकडे. (इतक्या मोठ्या मनाने झालेलं भांडण मी दुसरं पाहिलेलं नाही.)

तर, गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे काढले; म्हटलं, आता एखादी गोष्ट स्वतःसाठी आखावी. अडगळीतला जुना दरवाजा अर्ध्या खिडकीखाली दोन बुटक्या स्टुलांवर आडवा टाकला आणि त्यावर रेल्वे बांधायला घेतली. नॅरो गेज, म्हणजे डोंगरातून जाते ना तशी अरुंद गाडी. रुळांमध्ये करंगळीसुद्धा मावत नाही. इंजिन विजेचं, हिरवं, काडेपेटीएवढं. त्याच्या डोक्यावर पँटोग्राफ, म्हणजे वरच्या तारेला टेकून वीज घेणारा दुमडता दांडा. बाकीचे हौशी लोक म्हणे तार नुसती शोभेला लावतात आणि वीज गुपचूप रुळांतून देतात. मी तसं करणार नाही हे तू ओळखलंच असशील. आपल्या घराण्यात सोपी गोष्ट सोपेपणाने केल्याचं एकही उदाहरण नाही.

पण दादा, काय सांगू तुला. दुपारी ऊन तिरकं येतं, तेव्हा मी दरवाजावर गाल टेकवतो आणि एक डोळा मिटून बघत राहतो. मग तो डोंगर (मूळचा जुन्या उशीतला कापूस आणि सहा महिन्यांची वर्तमानपत्रं) खरोखर उंच होत जातो. गाडी सावकाश वळणावर येते. धूर नाही, शिट्टी नाही, तारेवर नुसती बारीक चरचर. आणि डब्याच्या खिडकीत मला कोणीतरी बसलेलं दिसतं. पुष्कळदा तो मीच असतो. कुठे जायचंय ते ठाऊक नसतं आणि घाईही नसते. झाडं एकेक करून मागे जातात. एक कुत्रं (खोडरबर कापून केलेलं) गाडीबरोबर थोडं धावतं आणि कंटाळून थांबतं. त्याला धावायची काहीही सोय मी केलेली नाही, तरी ते धावतं. चहा गार होतो. बायको म्हणते, "अहो, दरवाजावर काय झोपताय?" मी झोपलेला नसतो, मी घाटात असतो.

आता हालअपेष्टा ऐक. तारेला खांब हवेत, ते मी बायकोच्या छत्रीच्या काड्यांचे केले. (छत्री अजूनही उघडते, फक्त एकाच बाजूला.) एक खांब सोल्डर करावा, तर त्या धगीने शेजारचा सुटतो आणि मान टाकतो, त्याला सरळ करावं, तर पहिला मान टाकतो. चार महिने मी आणि अकरा खांब एकमेकांना नमस्कार करत होतो. ते निभावलं, तेव्हा खरी मेख कळली. रूळ वळतात, तार वळत नाही. ती दोन खांबांमध्ये सरळच जाणार. दरवाजाच्या टोकाला, तुझ्या भिंतीपाशी गाडीने गर्रकन वळण घेतलं की तार एकीकडे, इंजिन भलतीकडे, दांडा हवेत आणि वीज गुल. खूप कागद रेघोट्यांनी भरले, डोक्याचा भुगा झाला. ही रेल्वे या खोलीत वळत नाही, एवढंच सिद्ध झालं. तिला सरळ जायचं होतं, आणि सरळ म्हणजे तुझ्याकडे.

म्हणून तू तुझ्या घड्याळांच्या दुकानात गेलास की रोज चिमूटभर, असं महिनाभर मी भिंतीला भोक पाडत होतो. शेवटच्या दिवशी चुरा तुझ्या बाजूला पडला. वहिनींनी तो झाडला आणि तुला उंदीर म्हणून सांगितलं. (वहिनींचं आणि आमच्या घरच्या मंडळींचं बोलणं या तीन वर्षांत एक दिवसही बंद नव्हतं, हे तुला माहीत नसेल तर आता माहीत करून घे.) त्यावर तू भोकासमोर खोकं ठेवून त्यावर पावाचा तुकडा घातलेला सापळा लावलास. त्या पावाला आता वास येतो, दादा. उंदराचाही काही मान असतो.

काल भोकातून रूळ आणि तार पलीकडे सारली आणि गाडी सोडली. इंजिन ऐटीत भिंतीत शिरलं आणि मधेच थांबलं. मागे ओढलं, हलेना. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एकतीस वर्षं नकाशे काढलेल्या माणसाने बोगद्याची उंची इंजिनाचा दांडा दुमडून ठेवून मोजली होती! आता दांडा आत विटेला अडकला आहे, आणि मागे ओढावं तर आणखी ताठ होतो. (स्वभाव घराण्याचाच.) तो दाबायचा तर तुझ्याच बाजूने, बारीक चिमट्याने आणि न थरथरणाऱ्या हाताने. असा चिमटा आणि असा हात माझ्या ओळखीत एकाच घड्याळजीकडे आहे.

त्या भोकाशी बसल्या बसल्या एक जुनी गोष्ट आठवली. याच खोलीत तू फरशीवर खडूने रूळ आखायचास. तू इंजिन, मी स्टेशन. स्टेशनने धावायचं नसतं, असं तू मला पटवलं होतंस, आणि मी सबंध सुट्टी कपाटापाशी हात पसरून उभा राहिलो. तू धडधडत समोरून निघून जायचास. "दादा, थांब ना," म्हटलं की म्हणायचास, "ही जलद गाडी आहे, लहान स्टेशनांवर थांबत नाही." मला राग यायचा नाही. तू येताना दिसलास तरी पुरे वाटायचं. ही तीन वर्षं तेवढंही नाही. मला तुझी फार आठवण येते. एका विटेपलीकडच्या माणसाची इतकी आठवण यावी हे चमत्कारिक आहे, पण येते.

वहिनींना नमस्कार. सापळ्याला लांबूनच.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र वहिनींच्या हाती देतो आहे. त्यांना ओरडू नकोस. त्यांनी नुसता चुरा झाडला. चिमटा घेऊन येण्याआधी सापळा तेवढा काढ. खोकं मात्र असू दे. फलाट म्हणून त्याची उंची बरोबर आहे.

ता. ता. क. या वयात खोटं पचत नाही, म्हणून लिहितो. इंजिन आज सकाळीच निघालं. बायकोने विणकामाची सुई आत घालून दांडा दाबला, मी ओढलं, मिनिटभराचं काम. ते पुसलं, बोगदा वरून हवा तेवढा घासला, गाडी दोनदा पार तुझ्या सापळ्यापर्यंत नेऊन आणली. मग पुन्हा उचलून मीच भिंतीत ठेवली. तेव्हा चिमटा नको. तू नुसता खोक्याशी उभा राहा आणि भिंतीवर दोनदा टकटक कर, की सोडतो. आज तू स्टेशन हो, दादा. ही जलद गाडी नाही. थांबते.