सुलूच्या समुद्रफुलाची व्यवस्था

मी, सावळाराम गेनबा शेडगे, वय ७१, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, राहणार भोर, जि. पुणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे.

१. भोरचे घर व बँकेतील ठेव मुलगी सई हिला. मार्गासनीची भातखाचरे पुतण्या अद्वय कसतो, ती त्यालाच.

२. पुढच्या खोलीतील खाऱ्या पाण्याची टाकी, त्यातील समुद्रफूल, दिवा, पंप व इन्व्हर्टर शेजारच्या जाहिदा तांबोळी यांना. टाकी माझी पत्नी कै. सुलोचना हिची. ते दिसते फूल, पण प्राणी आहे. कोळंबीचा तुकडा चिमट्याने लावला की त्याची सगळी बोटे सावकाश आत वळतात. त्याला डोके नाही, डोळे नाहीत. त्याला म्हातारपण येताना अजून कोणी पाहिलेले नाही, असे सुलू सांगायची. ती गेली आणि ते आहे. रोज पाहतो, तरी हे मला उमजत नाही.

३. सुलू गेली तेव्हा माझ्या थोरल्या बहिणीने, धोंडाबाईने, कोळंबी घरात येऊ दिली नाही. "सुतकात कोळंबी आणतोस व्हय?"

जाहिदा म्हणाली, "अक्का, सुतक तुमाला. त्याला कसलं आलंय?"

"मंग घाल त्याला वरणभात!"

फूल मुठीसारखे आवळून बसले.

दहाव्याला नदीच्या घाटावर कावळा पिंडाला शिवेना. अक्काने सईच्या लग्नाचे कबूल केले, घर राखायचे कबूल केले. कावळा हलेना. शेवटी मी हात जोडून म्हणालो, "सुलू, तुझं फूल उपाशी राहणार नाही." कावळा खाली उतरला.

मी असल्या गोष्टी मानणारा नाही. पाहिले ते लिहिले.

घरी येताच जाहिदाने तुकडा दिला. बराच वेळ काही झाले नाही. मग एकेक बोट सुटले. अक्का काचेला नाक लावून उभी होती. म्हणाली, "लई भूक लागली हुती गं त्याला."

४. दिलेला शब्द माझ्यामागेही पाळावा. आठवड्यातून दोनदा लहान तुकडा द्यावा. पाणी आटले तर गोडेच घालावे, मीठ आटत नाही. अद्वयने पाहुण्यांना दाखवायला बोट घालू नये, पूर्वी घातले आहे. फुलाचे आपोआप दोन भाग होतात. तसे झाल्यास एक सईला द्यावा. त्यातले सुलूचे कोणते, हे विचारू नये. दोन्ही तिचीच.

५. माझ्या सुतकात जाहिदाला कोणी अडवू नये. दहाव्याला कावळा थांबला, तर माझ्या नावाने काही कबूल करत बसू नये. एकाने घरी जाऊन फुलाला खायला घातले आहे का, तेवढे पाहून यावे.

ठिकाण : भोर
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५

सही : सावळाराम गेनबा शेडगे

आमच्या दोघांच्या समक्ष सही केली :
१. प्रद्युम्न वसंत देशमाने, भोर
२. श्रावणी अनंत कोंडे, भोर