आनंदाची मोटार आणि माझी उजवी बाजू

रत्नागिरी,
सोमवार, ८ डिसेंबर १९८६

तीर्थरूप आप्पांच्या चरणी हरिश्चंद्राचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी सातच अंगांचा समजावा, थंडी पडताच गुडघ्यांनी संप पुकारला आहे. उरलेली सात आज्ञेत आहेत.) वहिनींचा दमा, तुमचे निवृत्तीचे कागद आणि वसाहतीतल्या नळाची वेळ ही तिन्ही ताळ्यावर असतील अशी आशा करतो. इकडे सर्व क्षेम आहे, एक गोष्ट सोडून. ती आधी सांगून टाकतो, म्हणजे मोकळ्या मनाने मोटारीकडे वळता येईल.

या घरात माझी तपकिरीची डबी कोणीतरी हलवतं. चोरत नाही, हलवतं. चोरी असती तर फिर्याद तरी करता आली असती. मेजावर, उजव्या हाताला, वीतभर अंतरावर ही डबी गेली एकवीस वर्षं ठाण मांडून आहे. पण दिवाळीपासून असं होतं आहे, की वाचता वाचता डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहावं तर डबी नाही, आणि चिडून पूर्ण मान वळवावी तर तीच डबी तिथेच, सासरी नांदणाऱ्या पोरीसारखी गुमान बसलेली. काशीला विचारलं. (माझ्या अर्धांगिनीचा स्वभाव तुम्ही जाणताच.) ती म्हणाली, "डबीला काय पाय फुटलेत?" तर्कशास्त्रात याला उत्तर म्हणत नाहीत. असो. वडीलधाऱ्यांच्या दप्तरी नोंद झाली, मला तेवढं पुरे.

आता मोटार. तुम्ही मागच्या पत्रात विचारलंत, की रत्नागिरीत एक तांबडी मोटार आली आहे आणि हरिश्चंद्र मास्तर ती चालवतो अशी वार्ता पोफळीपर्यंत पोचली, तर खरं काय. वार्ता अर्धी खरी आहे. मोटार आली आहे आणि ती तांबडी आहे. चालवतो तो आनंदा. हा माझा जुना विद्यार्थी, बुरोंडीच्या एका तांडेलाचा मुलगा. इथे मामाकडे राहून शिकला. संस्कृतात त्याला शंभरांत छत्तीस गुण पडले, त्यांतले चार माझ्या दयाबुद्धीचे. मग काही वर्षं बापाच्या होडीवर, मग नऊ वर्षं कुवेतला मोटारी दुरुस्त करायला. आता चाळिशीला टेकून परतला आहे तो बायको हौसा, छातीएवढा टेपरेकॉर्डर आणि ही जपानी मोटार घेऊन. मोटारीची उंची तुमच्या कमरेइतकी, दरवाजे दोन. मागे जी जागा आहे तीत नारळाचं एक पोतं आरामात बसेल. हौसा तिथे बसते, आरामात नव्हे. आत शिरायचं तर आधी डोकं की आधी पाय, हा प्रश्न मी अजून सोडवतो आहे.

मी चालवतो अशी वदंता का उठली, तेही ऐका. कुवेतात लोक रस्त्याच्या उजव्या अंगाने जातात, म्हणून तिकडच्या मोटारीचं स्टिअरिंग डावीकडे असतं. म्हणजे आपल्या लोकांना जिथे ड्रायव्हर दिसायचा, तिथे मी दिसतो. परवा मारुती मंदिरापाशी एका नव्या हवालदाराने शिटी फुंकली, माझ्या खिडकीशी आला आणि लायसन मागितलं. मी नम्रपणे सांगितलं की माझ्यापाशी लायसन नाही. मग गाडी चालवता कशी? म्हटलं, मी चालवत नाही. "आत्ता चालत होती ना!" होती, मी कबूल केलं. त्याने वाकून माझ्या पुढ्यात पाहिलं. तिथे स्टिअरिंग नव्हतं. मांडीवर माझे दोन हात होते आणि हातांत अर्धं सोललेलं केळं. पलीकडून आनंदा "सायेब, हिकडं, हिकडं!" म्हणून ओरडत होता, पण त्या बिचाऱ्याच्या डोक्यात तोवर काहीतरी हललं असावं. त्याने मला सलाम ठोकला आणि वाट मोकळी केली. दिवेलागणीपर्यंत बाजारात झालं, की संस्कृतचे गुरुजी मंत्रावर मोटार चालवतात. दुसऱ्या दिवशी दहावीच्या वर्गाने माझ्याकडे ज्या आदराने पाहिलं, तो सव्वीस वर्षांच्या धातुरूपांनी कधी मिळवून दिला नव्हता.

आप्पा, आता खरा प्रश्न, आणि तुम्ही पडलात जन्मभर यंत्रांच्या सहवासातले म्हणून तुम्हालाच विचारतो. त्या पॉवरहाउसातलं तुमचं ते प्रचंड चक्र मिनिटाला काहीशे फेरे घेतं आणि अर्ध्या महाराष्ट्रात दिवे लागतात. या मोटारीचं एवढंसं इंजिन मिनिटाला साडेसहा हजार फेरे घेतं आणि उजेड कोणाचाच पडत नाही. मग माझ्यासारख्या मनुष्याला त्यात इतका आनंद का व्हावा? आनंदाचं म्हणणं असं, की हे इंजिन बंदरावरच्या रावजी हमालासारखं आहे. रावजी एका दमात मण उचलणार नाही, अंगात तेवढं मांसच नाही. पण शेर-शेर उचलून इतक्या खेपा मारतो की संध्याकाळी त्याचाच ढीग मोठा. चार हजारांच्या खाली ही मोटार वर्गातल्या शेवटच्या बाकासारखी असते: हजर, पण बोलावल्याशिवाय हलायची नाही. पाचाच्या पुढे काटा गेला की मात्र, लहानपणी न कळता पाठ केलेला श्लोक एखाद्या दिवशी चालता चालता एकाएकी उमगावा, तसं काहीतरी तिला उमगतं. मग ती पळत नाही, सुटते.

तात्यांनी (ईश्वर त्यांना शांती देवो, तुमच्या वडिलांइतका कडक गुरू मला पुन्हा भेटला नाही) आपल्या दोघांना शिकवलं होतं ना, मंद्र छातीतून, मध्य कंठातून आणि तार मस्तकातून? तुम्ही ते टाकून वीज करायला गेलात. माझ्या मात्र कानात राहून गेलं. ही मोटार तिन्ही स्थानांतून नीट म्हणते. मी डोळे मिटून काटा सांगतो: साडेपाच, सहा, सव्वासहा, आता बदल गिअर. आनंदा थक्क होतो. म्हणतो, "गुरुजी, काट्याची गरजच नाय तुमच्यापुढं." हौसा मागून म्हणते, "ह्येनला गाडी गावल्यापासून बायकोची तरी कुठं गरज हाय!"

दुसरी मौज पुढच्या चाकांची. आपल्याकडच्या जुन्या मोटारींना मागची चाकं ढकलतात. हिला पुढची चाकं ओढतात. मला आधी हे फार नवं वाटलं. मग लक्षात आलं, की आपल्या बैलगाडीत तरी बैल कुठे बांधतात? म्हणजे अँबॅसिडर हीच मधली विकृती ठरली, आणि जपानी लोकांनी फिरून शास्त्रशुद्ध मार्ग धरला. मागून ढकललेली मोटार वळणावर शेपूट टाकते. ही वळणात नाक खुपसते, आनंदा पाय दाबतो, इंजिन तारस्थानी जातं, आणि कोणीतरी नाकात वेसण घालून अलगद पलीकडे ओढून नेल्यासारखे आपण बाहेर येतो. कुवेतात म्हणे सगळे रस्ते आखणीच्या पट्टीसारखे सरळ. नऊ वर्षं त्याने हिला त्या पट्टीवरून नेलं-आणलं, आणि मनात मात्र आपले घाट घोळवत राहिला. मलाही त्याने सड्यावर, कातळाच्या मोकळ्या माळावर, नेऊन चालवायला दिली होती. चाकांची ओढ खरोखर लगामासारखी हाताला लागते! दोन फेऱ्या मारल्या, दोन्ही फेऱ्यांत उजव्या बाजूची करवंदीची जाळी घासून गेली. आनंदा म्हणाला, डावीकडं बसून सगळ्यांचंच तसं होतं पयल्यांदा. मलाही ते पटलं. त्या दिवशी पटलं.

आता माझं काम. डावीकडे बसणाऱ्याला पुढच्या ट्रकाच्या पलीकडचं काही दिसत नाही. ते उजवीकडच्याने पाहायचं आणि सांगायचं. आनंदाला यात काहीच अवघड वाटत नाही, कारण होडीवर हीच रीत. तांडेल मागे सुकाण्यावर बसतो. पुढे टोकावर, नाळेवर, एक माणूस उभा असतो, तो खडक दिसला की हाक देतो. "आमच्यात तांडेल फिरून विचारीत नाय, गुरुजी. नाळंवरचा बोलला का वळवायचा. खरंच काय रं, असा विचारीपर्यंत फळी फुटते." तेव्हा मला त्याने नाळेवर नेमलं आहे. शब्द कुठले वापरायचे हेही त्यानेच ठरवलं. छत्तीस गुणांतून त्याच्यापाशी दोनच क्रियापदं शिल्लक आहेत, तीही आज्ञार्थी: गच्छ म्हटलं की जायचं, तिष्ठ म्हटलं की थांबायचं. आप्पा, काशीपासून कांचीपर्यंत विद्वान मंडळी संस्कृत मेली म्हणून गळे काढतात. त्यांना कोणी सांगा, की मुंबई-गोवा रस्त्यावर ती ताशी सत्तर मैलांनी जिवंत आहे.

गेल्या बुधवारी निवळीच्या घाटात आमच्यापुढे चिऱ्यांनी भरलेला ट्रक होता. रस्ता पुढे उजवीकडे वळत होता. मी पाहिलं, रस्ता मोकळा होता, आणि मी म्हणालो, "गच्छ." आनंदाने तिसरा गिअर टाकला, मोटार ट्रकाच्या बाजूला आली, आणि जिथे काही नव्हतं तिथून एस.टी. आली. मोठी, लाल, तोंडासमोर. मला शब्द सुचला नाही, ना गीर्वाण ना प्राकृत. आनंदाने पाय उचलला नाही, उलट दाबला. इंजिन इतकं वर गेलं की तसा स्वर मी त्याआधी तिच्या तोंडून ऐकला नव्हता, पुढच्या चाकांनी आम्हाला ट्रकाच्या नाकापुढून आत ओढलं, आणि एस.टी. माझ्या कोपराशेजारून गेली. मधे फार तर एक पंचांग मावलं असतं.

आनंदाने लांब श्वास सोडला आणि म्हणाला, "काय नजर, गुरुजी! बरोब्बर तेवढीच जागा हाय ह्ये तुमी वळताक्षणी वळखलंत." तेव्हापासून तो हीच गोष्ट सगळीकडे सांगत सुटला आहे. हातखंब्याला चहाला उतरलो तेव्हा हौसा मात्र जवळ येऊन हळूच म्हणाली, "गुरुजी, ती यष्टी तुमाला दिसली व्हती ना?"

मी म्हणालो, "हं."

तर असा सगळा मोटारीचा महिमा. रविवार, २१ तारखेला आनंदा आणि हौसा मला घेऊन तुमच्याकडे पोफळीला येणार आहेत. दुपारचं जेवण वहिनींच्या हातचं, आणि मग कुंभार्ली घाट चढून माथ्यापर्यंत जायचं, फिरून उतरायचं. नऊ वर्षं तो या घाटाची वाट पाहतो आहे. ऊस आणि कोळशाचे ट्रक तिथे रांगेने चढतात हे तुम्हीच मला सांगितलं होतं. वहिनींना साष्टांग (तोच, सात अंगांचा), मुलांना आशीर्वाद.

तुमचा, नावाप्रमाणे सत्यवचनी,
हरिश्चंद्र

ता. क. एक किरकोळ विनंती. उलट टपाली, शुक्रवारच्या आत मिळेल असं, चार ओळींचं पत्र पाठवावं, की तुमच्याकडे कांजिण्या आल्या आहेत, तूर्त कोणी येऊ नये. कोणाला आल्या ते तुम्ही ठरवा. पत्र मी आनंदाला वाचून दाखवीन. त्याला फार वाईट वाटेल.

ता. क. दुसरं. पाकीट चिकटवायच्या आत पत्र पुन्हा उघडलं. कांजिण्या पंधरा दिवसांत बऱ्या होतात, आणि घाट पंधरा दिवसांनीही तिथेच असणार. तेव्हा त्या राहू द्या. शिवाय या वयात दोन खोटी फार होतात. एक मी हातखंब्याला बोलून बसलो आहे.

ता. क. तिसरं. डबी कोणी हलवत नाही. तात्यांचा पाण्याचा तांब्या आठवतो? जेवताना उजवीकडे ठेवलेला, रोज लवंडायचा, आणि ते काकूवर ओरडायचे की मुद्दाम आडवा ठेवतेस. दोन वर्षांनी मिरजेच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, तोवर उशीर झाला होता. काल मी डावा डोळा हाताने झाकून मेजापुढे बसलो. समोर पोथी स्वच्छ दिसली, अक्षर न् अक्षर. तिच्या उजवीकडे मेज नव्हतं. नमस्कारातल्या आठ अंगांत दृष्टी हे एक अंग आहे, हे तात्यांनीच पाठ करून घेतलं होतं. तेव्हा वर सात लिहिली ती सहा करून घ्यावीत. काशीला अजून बोललो नाही. मिरजेला तुम्ही माझ्याबरोबर चला आणि आपलेही डोळे दाखवा. वडील तुमचेच होते.

आंधळा होईन अशी भीती वाटते, वाटत नाही असं म्हणणार नाही. पण रात्री जाग येते ती त्याने नव्हे. आनंदाला सांगायचं धैर्य मला झालं नाही, तर एकवीस तारखेला मी त्या खिडकीत बसेन, पुढे ट्रक असेल, मागे हौसा असेल, मी गच्छ म्हणेन, आणि आनंदा जाईल.