साहेबाची जीन आणि माझी कंबर

१२ जानेवारी १९५७
साहेब आज गेला. सॉ-मिलचं नवं मशीन बसवायला अमेरिकेहून आला होता, महिनाभर राहिला. जाताना मला त्याची निळी पँट देऊन गेला. तिला तो 'जीन्स' म्हणायचा. कापड ताडपत्रीसारखं, खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याच्या टिकल्या. आमच्या लाकूड डेपोत एवढी माणसं, पण दिली मलाच. साहेबाला माणसाची पारख होती. चौकीदार झिंगू म्हणतो, ती पेटीत मावत नव्हती. झिंगूला विचारतो कोण.

घरी घालून पाहिली. कंबरेत किंचित मोठी आहे. हात सोडला की खाली येते. कमळा तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली.

ठराव. ४ फेब्रुवारीला वसंत पंचमीचा शंकरपट, बैलांची शर्यत. यंदा बैलजोड्यांना झेंडी दाखवायचा मान माझा आहे. त्या दिवशी हीच पँट. साऱ्या तालुक्यात दुसरी नाही.

१३ जानेवारी, रविवार
पँट घेऊन नूर मोहम्मद टेलरकडे गेलो. त्याने माझ्या कमरेला टेप लावला आणि दुकानभर ऐकू जाईल असं म्हणाला, "कमर अठ्ठावीस, पँट चव्वेचाळीस. भाऊ, यात तुमी आन तुमचा पाव्हना दोघंई मावता." बाकावरचे चार जण हसले. त्यांना मी ओळखून ठेवलं आहे.

मग म्हणाला, सगळी उसवावी लागेल, पटाच्या आधी जमणार नाही. पँट उचलली. म्हटलं, मी रोज पन्नास सागाचे लठ्ठे मोजतो. घेर कशाला म्हणतात ते मला तुम्ही सांगू नका. तर म्हणतो, "लाकूड हालत नाई, भाऊ. मानूस बसते, उठते."

डिसिजन झाला. घरीच करणार, स्वतः करणार.

कमळा म्हणाली, "मी पाह्यतो ना." ती दिवाळीपासून शाळेच्या ओसरीत ग्रामसेविका इंदुताईंच्या शिवणवर्गाला जाते. मीच परवानगी दिली, कारण माझे विचार सुधारलेले आहेत. पण तिला स्पष्ट सांगितलं, झबली-टोपडी निराळी. पँट म्हणजे इंजिनिअरिंग आहे.

१५ जानेवारी
तीन सुया मोडल्या. वाणी कच्च्या सुया ठेवतो. दाभण घेतलं. डावी बाजू अर्धी झाली. खिशाचं तोंड चुकून शिवलं गेलं. तसंही खिशात हात घालून उभं राहणं वाईट दिसतं.

१८ जानेवारी
डावी बाजू पूर्ण. थोडी नागमोडी आहे. कमळाने विचारलं, "उसवून देऊ का?" नको म्हटलं. पँट खुंटीला लावली आणि ऑफिसला गेलो.

संध्याकाळी परत आलो तर शिवण सरळ. एकदम सरळ. बराच वेळ निरखून पाहिली. माझ्या लक्षात आलं ते असं की जाड कापड दिवसभर लटकत राहिलं की वजनाने शिवण आपोआप बसते. कमळाला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, "बसत असन."

२२ जानेवारी
उजवी बाजू केली. रात्री वाकडी होती, आज संध्याकाळपर्यंत बसली. खिशाचं तोंडही सुटलं आहे. ताणाने सुटलं असणार. ही पद्धत टेलर लोकांना ठाऊक नाही, नाहीतर पंधरा-पंधरा दिवस लावले नसते.

माझ्या अंगठ्याला सुई लागली. कमळाने चिंधी बांधली. तिच्याही दोन बोटांना चिंध्या दिसल्या. सरपणाचा काटा लागला असेल. बायकांनी जपून काम करावं.

२६ जानेवारी
शाळेत झेंडावंदन. नंतर इंदुताईंनी बायकांना सांगितलं की जिल्ह्याच्या गावी, चांद्याला, सहा महिन्यांचं ट्रेनिंग आहे, परत आल्यावर शिवणशिक्षिकेची नोकरी. आपल्या केंद्रातून एकच नाव जाईल. नुसती झबली चालणार नाहीत, जड कापडाचं काम हाताखालून गेलेलं पाहिजे.

जेवताना कमळाने हे सगळं सांगितलं. म्हटलं, चांगलं आहे, जाईल कोणीतरी. तिने वरण वाढलं. वरणात मीठ नव्हतं. ते मी दाखवून दिलं.

३० जानेवारी
पँट बसली. हात सोडून अंगणात तीन फेऱ्या मारल्या, खाली आली नाही. नूर मोहम्मदच्या दुकानावरून मुद्दाम दोनदा गेलो. दुकान बंद होतं.

फक्त मागच्या बाजूला इंचभर ढिली वाटते. कमळाला बोललो तर म्हणाली, "मांगून हात नका लावू. बसाले जागा पायजे." शिवणवर्गात असलंच शिकवतात. माणसाने ढिलं राहावं.

४ फेब्रुवारी, सकाळी सात
मागून दीड इंच घेतली. जास्तीचं कापड कात्रीने काढून टाकलं, म्हणजे पुन्हा कोणाला मोह नको. निळा दोरा संपला होता, पांढरा वापरला. परफेक्ट. श्वास थोडा वर राहतो, पण त्यामुळे छाती चांगली दिसते. कमळाने पाहिलं आणि डोक्याला हात लावला. तिला दृष्ट लागण्याची काळजी वाटली असेल.

५ फेब्रुवारी
कालचा वृत्तांत शांतपणे लिहितो आहे.

पटावर तीन गावांची माणसं. सगळे पँटकडे बघत होते. पहिल्या जोडीला झेंडी दाखवली. झेंडी खाली मारताना कमरेत वाकावं लागतं. वाकलो. आवाज आला. बैलांच्या घुंगरांमुळे तो कोणाला ऐकू गेला नाही. हवा मात्र मला लगेच जाणवली.

मागे मांडवाचा खांब होता. त्याला पाठ लावली. उरलेल्या सव्वीस जोड्यांना तिथूनच, न वाकता, नुसत्या हाताने झेंडी दाखवली. पाण्याला बोलावलं, गेलो नाही. जेवायला बोलावलं, भूक नाही म्हटलं. अकराव्या फेरीत लालसू नावाच्या गड्याची जोडी दाण, म्हणजे धावेची वाट, सोडून सरळ मांडवात शिरली. पाटील पळाले, पंच पळाले, ढोलवाला ढोल टाकून पळाला. मी हललो नाही. बैलाचं शिंग माझ्या बाहीला घासून गेलं. पाटील नंतर सगळ्यांना सांगत होते, "असा गडी म्या पाह्यला नाई." मी त्यांचं म्हणणं खोडलेलं नाही.

माणसं पांगली. मी खांबापाशीच. उन्हं उतरली तरी तिथेच. शेवटी नूर मोहम्मद आला. काही विचारलं नाही. बाजूला जाऊन एकदा मागून पाहिलं, खांद्यावरची चादर काढली आणि माझ्या कमरेला बांधली. बांधता बांधता थांबला. पँटच्या बाजूच्या शिवणीवरून अंगठा फिरवत गेला, वरपासून खालपर्यंत.

"मांगची शिवण तुमची हाय, ते समजून राह्यलं," तो म्हणाला. "ह्या बाजूच्या कोनाच्या?"

म्हटलं, माझ्याच.

"बरं," म्हणाला. हसला नाही. हसला असता तर भांडता तरी आलं असतं.

७ फेब्रुवारी
संध्याकाळी नूर मोहम्मद इंदुताईंना घेऊन घरी. मी खाटेवर होतो, कमळा चुलीपाशी तांदळाची भाकर टाकत होती. पँट खुंटीला. इंदुताईंनी ती काढून उजेडात धरली.

"भाऊ, उद्या चांद्याले नाव पाठवाचं हाय," त्या म्हणाल्या. "नूरभाई म्हनतात, हे काम ज्याच्या हातचं हाय त्याले लय शिकवाची गरज नाई. कमळाबाईले इचारलं तर त्या म्हनतात, मालकाले इचारा. म्हनून तुमाले इचारतो."

मी सांगायला सुरुवात केली की जाड कापड दिवसभर लटकत राहिलं की. पुढे वाक्य सुचलं नाही. नूर मोहम्मद कौलांकडे बघत बसला होता. कमळाने मान वर केली नाही. ती भाकर उलटत होती. भाकर कधीच झाली होती, काळी पडायला लागली होती, तरी उलटत होती.

म्हटलं, मार्गदर्शन माझं.

इंदुताई पँट उजेडात धरूनच होत्या.

मग म्हटलं, हात तिचे.

इंदुताईंनी नाव लिहून घेतलं. कमळाने भाकर काढली आणि दुसरी टाकली नाही, तशीच बसून राहिली.

हे मी कोणाच्या दबावाखाली बोललेलो नाही. याची इथे नोंद असावी.

२० फेब्रुवारी
चांद्याचं पत्र आलं. कमळाचं नाव लागलं. डेपोत सगळे माझं अभिनंदन करत आहेत. ते योग्यच आहे.

इंदुताईंनी सांगितलं, नमुना म्हणून पँट सोबत न्या. कमळाने ओसरीत बसून, माझ्यासमोर, मागची बाजू उसवली. आतून पट्टी लावून एका दुपारात नवी शिवण घातली. मी पाहत नव्हतो. थोडा वेळ पाहिलं. तिची सुई मोडत नाही. कुठल्या वाण्याकडून आणते, विचारायला हवं.

१ मार्च
सकाळच्या मोटारीने कमळा गेली. पँटही गेली. सहा महिने.

निघताना चुलीपाशी उभी राहून तांदूळ किती, पाणी किती, हे सांगायला लागली. तिला थांबवलं. मी एवढा डेपो सांभाळतो. भात शिजवायला शिकावं लागत नाही. ती म्हणाली, "बरं." मोटारीत चढल्यावर खिडकीतून काही तरी म्हणाली, इंजिनच्या आवाजात ऐकू आलं नाही. मी मान हलवली.

ठराव. रोज ताजा भात, वेळेवर. खाणावळीत पाऊल ठेवणार नाही. नूर मोहम्मदने दोन दिवस डबा पाठवतो म्हटलं, त्याच्या बायकोच्या, हाजराभाभींच्या हातचा. नाकारला.

२ मार्च
भात पातळ झाला. पेज म्हणून पाहिलं तर उत्तम. प्रकृतीला पेजच चांगली.

३ मार्च
पाणी कमी घातलं. भात लागला. धूर बघून झिंगू डेपोतून बादली घेऊन धावत आला. त्याला सांगितलं, डासांसाठी केला आहे.

चांद्याला पत्र टाकलं. इकडे सर्व ठीक, काहीएक अडचण नाही, तू आपल्या अभ्यासाकडे लक्ष दे. खाली जागा उरली होती म्हणून विचारलं, पाणी किती घालतेस.