उकंडा

बाबू उकंडा,

तुले ऋतिक म्हणायले माही जीभ वळत नाई रे. कॉलेजात पोरं हासतात म्हणून तू नाव बदललं अन् मले विचारलं, "मा, पोटच्या पोराले काऊन कचऱ्याचं नाव ठेवलं?" मी भाकर थापत राह्यली. तवापासून तू घरी, रोहण्याले, आलाच नाई.

तुह्या आधीचे तीन लेकरं बारशाआधीच गेलते. तू झाला तसं तुले उकिरड्यावर ठेवलं अन् उचलून आणलं, नाव बी त्याचंच ठेवलं. मरणाले तू नकोसा वाटावा, एवढंच मनात होतं.

काल शेजारच्या महादेवरावकडं तुह्या लग्नाची पत्रिका आली. त्यात माह्यं नाव नाई. लग्नाच्या घरी मेल्या लेकरायची गोष्ट लिवलेली ही चिठ्ठी कशी धाडू? तू वाचला बाबू, पण माह्या हाती राह्यला नाई.

तुही माय,
आनंदाबाई