सलग वास्तव्य

येरवडा, पुणे ६
१४ जून २००३

चि. प्रज्ञेश,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मिळालं. पाकिटावर ‘श्रीमती’ आणि आत ‘आदरणीय ललिताजी’ वाचून वाटलं, शिक्षण अधिकाऱ्यांनी काही खुलासा मागवलाय की काय. राग नाही हं. तू मला काय म्हणावंस हे मलाही सांगता आलं नसतं. मी तुला ‘चिरंजीव’ लिहिलंय ते वयाच्या अधिकाराने, दुसऱ्या कुठल्या नाही.

बी.एस्सी.ला पहिला वर्ग मिळाला, आता एम.सी.ए. पुण्यातच करायचं आहे, असं लिहिलंस. फार आनंद झाला. इथे हल्ली ज्याला त्याला कॉम्प्युटरचं वेड लागलंय. आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावरही क्लास निघालाय, पोरं तिथून कपाळाला पीठ लावून घरी जातात.

तू पाठवलेली पुस्तिकेतली पानं मी नीट वाचली. महाराष्ट्राबाहेरच्यांना जागा मोजक्याच, आणि तुझ्या गुणांवर तिथे लागणं कठीण. पप्पांचा तिकडचा जातीचा दाखला इथे चालत नाही, तेही खरं. पण मुलगा बाहेर शिकलेला असला तरी आई किंवा वडील, दोघांतलं एक जण इथलं रहिवासी असलं की तो महाराष्ट्राचा धरतात. म्हणजे माझा डोमिसाइलचा दाखला लागणार. काढून देते. त्यात उपकार कसले?

तुझी तरी गंमतच आहे. जन्मलास मध्य प्रदेशात, पदवीधर झालास छत्तीसगडमध्ये, आणि घर बदललं नाहीस. राज्यच बदललं.

पप्पा म्हणाले एजंटकडून पुण्याचा दाखला आणू, तर तू म्हणालास, “खोट्या कागदावर मी शिकणार नाही.” हे तू एका ओळीत उरकलंस. शाळा उघडली की मी माझ्या सातवीच्या वर्गाला ही ओळ सांगणार आहे. नाव सांगणार नाही, काळजी नको.

हे रहिवासाचे नियम माझ्या जुन्या ओळखीचे आहेत. लग्न होऊन मी भिलाईला आले तेव्हा मला मास्तरीण व्हायचं होतं. तिकडच्या कोर्सला मी ‘बाहेरची’ ठरले. पुण्यात माहेर, म्हणून डी.एड.ला जागा मिळाली ती इथेच. दोन वर्षं शिकायचं आणि परतायचं, असं पप्पांशी ठरलं होतं. तू तेव्हा जेमतेम बोलायला लागला होतास. तुझी आजी म्हणाली, “पोट्टा इथंच राहू दे, म्हणजे तू वापस येशीन.” मी वापस येण्याआधी घरात तुझी मम्मी आली. पुढचं तुला माहीत असेल, तुला जसं सांगितलं गेलं असेल तसं. मी त्यात दुरुस्ती करत नाही.

हॉस्टेल लगेच मिळत नाही म्हणतात. मी बाहेरच्या खोलीत टेबल टाकलंय, दिव्याचं बटण हाताशी येईल असं. घर सापडायला सोपं आहे. रिक्षावाल्याला ‘जेलच्या पुढे’ म्हण. तो तुझ्याकडे बघेल, तू लक्ष देऊ नकोस.

आणखी एक, सहजच विचारते. लहानपणी तू फार आजारी होतास, असं ऐकलं होतं. त्यातलं काही आठवतं का? संत्री खातोस ना? हिवाळ्यात इथेही मिळतात, पण नागपूरच्या बाजूची चव नाही.

पत्राची वाट पाहते.

तुझी,
(इथे काय लिहायचं ते तू ठरव)
ललिता


येरवडा, पुणे
६ जुलै २००३

ती. वेणूताईस,
सप्रेम जयभीम.

तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींना म्हणावं, नागपूरच्या उन्हाचं कौतुक पुरे, पावसाळ्यात थोडे दिवस तुला इकडे पाठवा. इकडे सगळं ठीक आहे. गल्ली खणून ठेवलीय, म्हणजे नेहमीसारखीच आहे.

ताई, प्रज्ञेशचं दुसरं पत्र आलं. तुला फोनवर ‘आलं गं’ म्हटलं आणि विषय बदलला, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. त्याने काय लिहिलंय ते तसंच उतरवते, नाहीतर मी त्यात माझं घालीन.

‘दाखला दिलात तर आभारी राहीन. पण घरी राहायला बोलावू नका. हे नातं कागदापुरतंच राहू द्या. मी सहा वर्षांचा असताना मरता मरता वाचलो, तेव्हा तुम्ही आला नाहीत, हे आजीने सांगितलंय. मला त्या आजारातलं एकच आठवतं. दवाखान्यातून एक नर्सबाई घरी राहायला आल्या होत्या. पांढरी साडी नेसायच्या. संत्र्याची फोड सोलून, वरचा पापुद्रा आणि बिया काढून भरवायच्या. त्या परक्या असून एवढं करायच्या. मला अजून त्यांची आठवण येते. म्हणून तुम्हाला एकदाच विचारतो, तुम्ही का आला नाहीत?’

ताई, ती नर्सबाई मी होते.

तुला तेव्हा एवढंच सांगितलं होतं की पोराला बघून आले. कशी राहिले ते सांगितलं नव्हतं, कारण तू माझ्या सासूशी, गोदाबाईंशी भांडायला भिलाईला गेली असतीस. तार आली ती सहा डिसेंबरला. बाबासाहेबांना अभिवादन करून मी विहारातून घरी येत होते, अंगावर पांढरी साडी. तशीच स्टेशनला गेले. टायफॉइड उलटला होता, पोर अंथरुणाला खिळलं होतं, आणि हिंमतरावांच्या नव्या बायकोचे दिवस भरत आले होते. घरात करणारं कुणी नव्हतं, म्हणूनच माझी आठवण झाली. मी आत गेले तर तापलेल्या डोळ्यांनी बघत तो आजीला म्हणाला, “कोन हाय?” त्या म्हणाल्या, “नर्सबाई हाय बाबू, दवाखान्यातून आली.”

मग मला ओट्याशी नेऊन म्हणाल्या, “त्याची माय घरात हाय. दोन दोन माया करून पोट्ट्याचं डोस्कं फिरवू नको. नर्स म्हणून राहत असशीन तर राहाय.”

मी राहिले. तो हिवाळा सरेपर्यंत राहिले. तीच साडी धुवायची, वाळली की नेसायची. रंगीत नेसले असते तर त्याने विचारलं असतं. त्याला पापुद्रा गिळवत नव्हता, म्हणून संत्री तशी सोलायची. तो बरा होऊन शाळेत निघाला, तेव्हा दारात वळून म्हणाला, “नर्सबाई, उद्या असनार ना?” मी हो म्हटलं आणि दुपारची गाडी धरली. त्याला सोडून आल्यानंतर त्याची आई म्हणून जगले ते तेवढेच महिने, आणि त्यातही तो मला आई म्हणाला नाही.

तू म्हणशील, मग आता लिहून टाक की. पेनच उचललं होतं. पण मधे दाखला आला.

दाखल्याला पंधरा वर्षांचं सलग वास्तव्य दाखवावं लागतं. आमच्या मुख्याध्यापिका सरोजिनीबाई कशा आहेत तुला माहीत आहे, खडूचा तुकडा घरी नेणार नाहीत. त्यांनी शाळेचं पत्र दिलं, त्यात माझी बिनपगारी रजाही प्रामाणिकपणे लिहिली, ‘परराज्यात, मुलाच्या आजारपणासाठी’. मीही वाचून बरोबर आहे म्हटलं. खरं तर फार बरं वाटलं. कुठेतरी लिहिलेलं तरी होतं.

तहसील कचेरीतल्या कारकुनाने त्यावरच बोट ठेवलं. “हे काय? सलग म्हणता आणि मधे बाहेर?”

“मुलगा आजारी होता.”

“कोणता? ज्याच्यासाठी दाखला पाहिजे तोच?”

“तोच.”

“मग बाई, त्याच्याजवळ राहिलात म्हणून त्याचा दाखला अडला,” तो म्हणाला. माणूस वाईट नव्हता. त्याने माझ्यासाठी खुर्ची ओढली. “शाळेचं दुसरं पत्र आणा. आणि प्रतिज्ञापत्र करा, या काळात महाराष्ट्राबाहेर वास्तव्य केलेलं नाही म्हणून. नाहीतर प्रवेशाची तारीख निघून जाईल.”

नियमात खरंच तसं आहे की त्याच्या मनात, कोण जाणे. वर जाऊन भांडायला वेळ नव्हता. सरोजिनीबाईंनी दुसरं पत्र लिहिलं आणि माझ्याशी दिवसभर बोलल्या नाहीत. मी शपथेवर सही केली की मी भिलाईला गेले नव्हते. शेजारी उभ्या असलेल्या वकिलाला माझं पेन आवडलं, तो कुठून घेतलं विचारत होता. मी सांगितलंसुद्धा.

आता बघ, काय झालंय. नर्सबाई मीच, असं त्याला लिहिलं की हा दाखला खोटा हे त्याला कळणार. आणि बापाला ‘खोट्या कागदावर शिकणार नाही’ म्हणणारा पोरगा तो कागद फाडून टाकणार. त्याच्यापाशी दुसरी जागा नाही. तू म्हणशील, शिकून झाल्यावर सांग. तोवर मी थांबेन गं, मला थांबायची सवय आहे. पण तेव्हा त्याला कळेल की त्याची पदवी खोट्या शपथेवर उभी आहे आणि ती शपथ मी घेतली. आज तो मला न आलेली आई समजतो. तेव्हा फसवणारी समजेल, आणि त्या नर्सबाईची आठवणही त्याला नकोशी होईल. ती एक तरी त्याच्याजवळ राहू दे.

मला त्याला सांगायचं आहे, ताई. इतकं सांगायचं आहे की वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता हात थांबतो. पोरं विचारतात, बाई काय झालं.

तू मात्र बोलू नकोस. कुणाशीच नको, भाऊजींशीही नको. गुडघ्यांना तेल लावत जा.

तुझी,
ललिता


येरवडा, पुणे ६
८ जुलै २००३

चि. प्रज्ञेश,
सप्रेम जयभीम.

सोबत डोमिसाइलचा दाखला पाठवत आहे. रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलाय. मूळ प्रत कुणाकडे देऊ नकोस, आधी झेरॉक्स दे. कागद तपासताना ‘आई कुठे असते’ असं विचारलं तर ‘इथेच, पुण्यात’ म्हण. त्यात अडखळायचं कारण नाही.

तू विचारलंस त्याचं उत्तर देते. तू आजारी होतास तेव्हा मी आले नाही, हे खरं आहे. नोकरी नवी होती, रजा मिळाली नाही. आजीने तुला सांगितलं त्यात चूक नाही.

त्या नर्सबाईंबद्दल लिहिलंस ते वाचून बरं वाटलं. चांगल्या असाव्यात. तू इतक्या वर्षांनी त्यांची आठवण काढतोस हे त्यांना कळलं असतं तर त्यांना आणखी काही नको असतं. त्यांना विसरू नकोस.

राहण्याचं मी पुन्हा म्हणणार नाही. सदाशिव पेठेत मुलांच्या खोल्या मिळतात, मेसही जवळ आहेत. मालक तिरकस बोलतील, ते मनावर घ्यायचं नसतं, इथे ते आपुलकीनेही तसंच बोलतात. विद्यापीठाकडून बसने येताना डावीकडे बसलास तर ऊन लागत नाही. हिवाळ्यात संत्री आणलीस तर पापुद्रा काढून खा. तुझा घसा लहानपणापासून नाजूक आहे, असं त्या नर्सबाई तुझ्या आजीला म्हणाल्या असतील.

टेबल बाहेरच्या खोलीतच ठेवलंय. मला वह्या तपासायला उपयोगी पडतं.

तू म्हणतोस तसं, हे नातं कागदापुरतंच राहील. दाखला तुझ्या प्रवेश-अर्जासाठी आहे, म्हणून त्यावर माझ्या नावापुढे त्यांनी जे लिहिलंय ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. इतक्या वर्षांत मला तसं कुणी म्हटलं नव्हतं, म्हणून तेच खाली लिहिते. खूप शीक.

अर्जदाराची आई,
ललिता