फोननं विचारलेले प्रश्न

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि राग मला आता यायला लागलाय. तुझ्यावर नाही. अजून डोळ्यांपुढं येतं: त्या उन्हाळ्यात राणीसावरगावच्या घरात तू चुलीपुढं बसलेली असतेस, तव्यावरची भाकरी करपते आणि तुला वासही येत नाही. केस विंचरायचे सोडलेस, बोलणंही सोडलंस. "नाटकं करायलीय, दुसरं काय," बाबा म्हणायचे. आत्यानं तुला देवऋष्याकडं नेलं, त्यानं लिंबाच्या डहाळीनं झोडपलं. परत आल्यावर तू माझ्याकडं बघून "काई न्हाई, बाई" एवढंच म्हणालीस. पुढच्या हिवाळ्यात साध्या तापात गेलीस. तुला काय होतंय, हे घरातल्या एकानंही विचारलं नव्हतं.

यंदा माझंही तसंच झालं. सेलूत मी घरीच ब्लाउज शिवते. कापड पुढ्यात पडलेलं असायचं आणि कात्री उचलवायची नाही. परभणीला शिकणारी माझी लेक सुट्टीत आली, तिनं ते बघितलं आणि माझ्या फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं. झोप लागते का, जेवण जातं का, आपण घरच्यांना ओझं झालोय असं वाटतं का, असं ते विचारत गेलं. ओझ्याचं वाचलं आणि मला रडू आलं. उत्तरं देऊन झाल्यावर फोनचा पडदा लाल झाला: नैराश्याची लक्षणं जास्त दिसतात, डॉक्टरांना भेटा. खरं सांगते, मला बरं वाटलं. माझ्या दुखण्याला नाव होतं.

पण ते ॲप गप्प बसेना. एका सकाळी दीर आणि जाऊबाई चहाला आले होते. लेकीचे फोटो बघायला माझा फोन दिरांच्या हातात होता, आणि वर ठळक अक्षरांत आलं: नैराश्याची चाचणी पुन्हा करा. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. जाऊबाई हसल्या. आमच्या ह्यांनी फोन घेतला आणि "येडी ठरवायलंय व्हय हे तुला," म्हणत प्रत्येक प्रश्नाला 'कधीच नाही' दाबत गेले. पडदा हिरवा झाला. तुम्ही ठीक आहात. "घे, झालीस बरी," म्हणाले आणि फोन माझ्या मांडीवर टाकला.

उत्तरं कोण देतंय हेही ज्याला कळत नाही, ते मला ठीक ठरवणार? आणि माझ्या मनातलं चारचौघांत मांडायला त्याला कुणी सांगितलं होतं? तरी त्या ॲपला डोळे नाहीत असं म्हणून सोडून देता येतं. आमचे हे तर माझ्यासमोर बसले होते.

लेक मला परभणीच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर बाईंनी फोनमधले लाल-हिरवे दोन्ही निकाल बघितले आणि फोन बाजूला ठेवला. "एवढ्यावरून आजार ठरत नाही. पण त्यामुळं तुम्ही आलात, हे चांगलं झालं. आता तुम्ही सांगा." मग त्यांनी विचारलं, "घरात आधी कुणाला असं झालं होतं का?" मी तुझं सांगितलं. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. हा राग तिथं सांगतानाच पहिल्यांदा आला.

गोळ्या सुरू आहेत. आता झोप लागते, थोडं कामही होतं.

हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहिते. घरात मी थायरॉइडच्या गोळ्या म्हणून सांगितलंय. जेवण झालं की हे आठवणीनं विचारतात, "गोळी घेतलीस का?" आणि स्वतः उठून पाणी आणून देतात. मी गोळी घेते आणि पाकीट शिवणाच्या डब्यात, दोऱ्यांखाली ठेवते.