मयूरध्वजची केबिन सुनेकडे

मी, वाल्मीक कोंडाजी मौले, वय त्रेसष्ट, काम सिनेमा दाखविणे, राहणार मखमलाबाद रोड, नाशिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पेनाने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचीही जोरजबरदस्ती नाही. पत्नी सौ. छाया शेजारी मेथी निवडत बसली आहे आणि मधून मधून कागदात डोकावत आहे, परंतु ती जबरदस्ती समजू नये. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी आज वार कोणता असे विचारले, तेव्हा मी म्हणालो, "शुक्रवार नसला म्हणजे झालं." तेवढ्यावर त्यांनी दाखला दिला, म्हणजे त्यांचाही सिनेमावाल्यांशी कधीतरी संबंध आलेला असावा.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. सवडच मिळाली नाही. दसऱ्याच्या आधी छातीत कळ आली, डॉक्टरांनी आत एक स्प्रिंग बसवली आणि ताकीद दिली की सिनेमा लावायच्या केबिनचा जिना बंद. तेव्हा कुठे बसून विचार करायला वेळ मिळाला. माझ्या मागे घराचे काय होईल याची मला काळजी नाही. मयूरध्वज चित्रमंदिराच्या केबिनचे काय होईल याची आहे, आणि हा कागद मुख्यतः त्यासाठी आहे. बाकीची कलमे आधी उरकतो.

कलम पहिले. मखमलाबाद रोडवरील राहते घर मी स्वकष्टाने बांधले आहे. ते माझ्या पश्चात छायाचे. तिच्या पश्चात मुलगा हर्षल व सून सौ. स्नेहल या दोघांच्या नावे, दोघांच्या म्हणजे दोघांच्या. बँकेत जे काही आहे तेही छायाचे. तिने ते काटकसरीने वापरू नये. काटकसर आमची दोघांची करून झाली आहे.

कलम दुसरे. रीळ गुंडाळायचे हाताचे चाक. सिनेमा रिळावर असताना प्रत्येक खेळानंतर तो या चाकावर उलटा गुंडाळून ठेवावा लागे. रिळे गेली, तेव्हा मालक हे चाक भंगारात देत होते. मी घरी आणले. तेव्हापासून छाया त्यावर गजऱ्याचा दोरा गुंडाळते आणि दिवाळीत आमच्या घरासमोर झेंडूच्या माळा सगळ्या आळीच्या आधी तयार असतात. हे चाक तिचेच. कोणी जुन्या वस्तूंचा शौकीन दारात आला, तर त्याला चहा द्यावा, चाक देऊ नये.

कलम तिसरे. माझी काळी सायकल धाकटा बंधू भारत यास. हे वाचून तो म्हणेल, "मला गंजकी सायकलच का?" म्हणून कारण लिहून ठेवतो. त्या काळी एकाच सिनेमाची रिळे दोन टॉकीजमध्ये वापरत. नदीपलीकडे एक रीळ संपले की सायकलवरून आमच्याकडे यायचे. एकदा आमचा सायकलवाला आजारी पडला म्हणून मी भारतला पाठवले. पडद्यावर नायिकेचे लग्न मोडले आणि पुढचे रीळच नाही. लोकांनी शिट्ट्या मारल्या, मग खुर्च्या आपटल्या, मग माझ्या सात पिढ्यांची आठवण काढली. भारत आला तो घामाघूम होऊन. म्हणाला, "दादा, चेन पडली." त्याच्या शर्टावर मिसळीची तर्री होती. त्या गोष्टीला आता चाळीस वर्षे होत आली आणि तो अजून चेनवरच अडून बसला आहे. तरी सायकल त्यास द्यावी आणि चेन त्याने स्वतः तपासून घ्यावी. वडिलांच्या मळ्यातला विहिरीकडचा वाफा त्याने घेतला, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. मिसळीबद्दल आहे.

कलम चौथे. हे नारळाविषयी. नवीन सिनेमा लागला की पहिल्या खेळाआधी यंत्रापुढे नारळ फोडायचा, हा आम्हा केबिनवाल्यांचा रिवाज. पूर्वी एक सिनेमा पंचवीस पंचवीस आठवडे मुक्कामाला असे, त्यामुळे नारळाचे कौतुक होते. आता पडदा एक, खेळ चार आणि दर शुक्रवारी सिनेमे आठ-नऊ. पोस्टरची खळ वाळत नाही तोच त्यावर दुसरे पोस्टर. मागे एका निर्मात्याने मोठ्या आशेने विचारले, "आमचा पिक्चर कधी लागणार?" मी म्हणालो, "साहेब, सकाळी लागला होता." तर सांगायचे असे की सिनेमा वाढले तसे नारळ वाढले. आमच्या घरात भाजी कोणतीही असो, चव खोबऱ्याची. हर्षलने खोबऱ्याची वडी दिसली की जागा सोडायला सुरुवात केली. शेवटी स्नेहलने तोडगा काढला: नारळ एकच, पण फोडण्याआधी त्यावर हात ठेवून त्या आठवड्यातल्या सगळ्या सिनेमांची नावे घ्यायची. देवाला चालले. छायाला तर फारच चालले. हाच रिवाज पुढे ठेवावा.

कलम पाचवे, केबिन. केबिन माझी नाही. ती टॉकीजचे मालक श्री. शेखरशेठ निकम यांची आहे. जे आपले नाही ते मृत्युपत्रात देता येत नाही, असे वकील सांगतात. तरीही लिहितो. हवे तर यास विनंती म्हणावे, हवे तर म्हाताऱ्याचा हट्ट म्हणावे. माझ्या पश्चात केबिनचे काम माझी सून सौ. स्नेहल हिला मिळावे.

शेखरशेठ मनाने वाईट नाहीत. पण इतक्या सिनेमांनी त्यांचे डोके उठवले आहे. प्रत्येक वितरकाला खेळ हवा, प्रत्येकाला संध्याकाळचाच हवा. शेठनी ठरवले आहे की माझ्यानंतर केबिनमध्ये माणूस ठेवायचा नाही. मुंबईची एक कंपनी तिथूनच सगळे चालवणार. आणि चारच्या जागी सहा खेळ बसावेत म्हणून सिनेमाच्या शेवटी येणारी, काम केलेल्या माणसांची नावे कापणार. मी विचारले, "नावं का कापायची?" तर म्हणाले, "वाल्मीक, नावं कोण बघतं? लोक तोवर पार्किंगमध्ये असतात."

स्नेहल येवल्याची. माहेरी हातमाग. चार वर्षांपूर्वी सून म्हणून आली आणि दुपारचा माझा डबा तिच्याकडे आला. मी जेवेपर्यंत ती यंत्राकडे बघत बसायची. पुढे पुढे मी जेवत बघत बसायचो आणि ती लावायची. आता सिनेमा डिस्कमधून येतो. मध्यंतराआधीचा भाग वेगळा, नंतरचा वेगळा. दोन्ही यंत्रात भरून ओळीने लावावे लागतात. नऊ सिनेमांचे अठरा तुकडे, वर जाहिराती. पैठणीचा काठ विणणाऱ्या घरातली मुलगी, धागा कुठला कुठे जातो हे तिला सांगावे लागत नाही.

मी दवाखान्यात होतो तेव्हा केबिन खुद्द शेठनी सांभाळली. त्यांनी एका कौटुंबिक सिनेमाच्या पूर्वार्धाला एका भुताच्या सिनेमाचा उत्तरार्ध जोडला. पूर्वार्धात सोशिक सून, उत्तरार्धात पांढऱ्या साडीतली हडळ. प्रेक्षक जागचे हलले नाहीत. दोघे-तिघे म्हणाले, इंटरव्हलनंतर पिक्चरने जोर धरला. फक्त गिरणाऱ्याच्या चिमणाबाई उठून कँटीनवाल्या लहानूकडे आल्या आणि म्हणाल्या, "आरं, ही सून मेली कवा? मला मधी डुलकी लागली व्हती का?" स्नेहल त्या वेळी माझा स्वेटर न्यायला टॉकीजवर आली होती. शेठ खाली ऑफिसात फोनवर अडकलेले पाहून लहानूने तिला वर पिटाळले. तिने योग्य तुकडा लावला, सून जिवंत झाली आणि टाळ्या पडल्या.

त्या दिवसानंतर शेठच्या गुडघ्यांनी जिन्याशी असहकार पुकारला. मी कामावर परतलो असे ते समजतात. मी परतलोही, पण कँटीनपर्यंत. लहानूच्या बाकावर बसून चहा पितो. वर स्नेहल असते. डब्याची पिशवी घेऊन जाते आणि संध्याकाळी पिशवी घेऊनच उतरते. ही गोष्ट मला, छायाला, लहानूला व हर्षलला माहीत आहे. शेठना नाही, आणि या कागदावर दुसरे साक्षीदार तेच आहेत. साक्षीदाराने मृत्युपत्रातील मजकूर वाचलाच पाहिजे असा कायदा नाही, हे मी वकिलाकडून दोनदा विचारून घेतले आहे.

हर्षलचा या कलमास विरोध आहे, तोही नमूद करतो. तो सातपूरला कारखान्यात आहे. मला म्हणाला, "बाबा, कंपनीत विचारतात, मिसेस काय करतात? काय सांगू, पिक्चर लावते?"

मी म्हणालो, "बाप काय करतो हे सांगायचास ना?"

"बापाचं वेगळं असतं."

"कसं वेगळं?"

पोरगा चांगला आहे, फक्त चारचौघांना भितो.

आता ज्यामुळे माझा निश्चय झाला ते लिहितो. मागच्या आठवड्यात एक लहानसा मराठी सिनेमा सकाळच्या खेळाला लागला. हॉलमध्ये देवळाली कॅम्पची एक-दोन फौजी कुटुंबे आणि पुढच्या रांगेत एक बाई. देवळ्याहून पहाटेच्या एसटीने आलेल्या, नाव कुसाबाई. त्यांचा मुलगा ज्ञानेश या सिनेमात दिवे उचलायच्या कामाला होता. त्याने फोनवर सांगितले होते की शेवटी माझे नाव येते. बाईंना वाचता येत नाही. तिकीट काढतानाच त्यांनी पोराचे नाव कुठे दिसेल ते विचारले, "मना पोर्‍यानं नाव कथं शे?" लहानूने हे वर जाऊन स्नेहलला सांगितले. शेठचा हुकूम होता की त्या खेळाची नावे कापायची, कारण लगेच दुसरा सिनेमा होता. स्नेहलने नावे कापली नाहीत. तिने लहानूला बाईंजवळ उभे केले आणि सांगितले, "दिवेवाल्यांची नावं आली की त्यांना दाखवा, काका." नाव आले. लहानू बोट करून म्हणाला, "ते बघा, आज्जी, ते." बाई उठून उभ्या राहिल्या. नाव वर सरकत गेले तशी त्यांची मान वर गेली. मग त्या पडद्याला हात जोडून म्हणाल्या, "ऱ्हाय रे बाप्पा जराशी." फौजी लोकांना काही कळले नाही, पण तेही उभे राहिले. दुसरा सिनेमा उशिरा सुरू झाला. शेठ खालून ओरडले. त्यांना वाटले मी वर आहे, म्हणून मी कँटीनमधूनच ओरडलो, "होतंय, होतंय!"

मी कँटीनच्या दारातून हे पाहिले आणि मला रडू आले, हे लिहायला लाज वाटत नाही. आयुष्यभर मी लोकांना नट-नट्या दाखवल्या. एका आईला तिचा मुलगा माझ्या सुनेने दाखवला. सिनेमे नऊ येवोत की नव्वद, प्रत्येकात कुणाचा तरी ज्ञानेश असतो. मुंबईच्या बटणाला कुसाबाई दिसणार नाहीत. म्हणून हे कलम.

पुरवणी. मृत्युपत्रात कोरी जागा ठेवू नये असे सांगतात, म्हणून सहीच्या वेळी घडले ते इथेच लिहितो.

आज शुक्रवार. टॉकीजच्या ऑफिसात मी, लहानू व शेखरशेठ असे सह्यांसाठी बसलो. स्नेहलला घरी न्यायला आलेला हर्षल दारात उभा होता. शेठचा फोन सारखा वाजत होता आणि ते प्रत्येक वितरकाला रात्रीचा खेळ कबूल करत होते. मी सही केली. लहानूने केली. शेठनी पेन उचलले, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि थांबले.

"खेळ सुटला ना? मग पब्लिक बाहेर का नाही?"

लहानू सवयीने बोलून गेला, "नावं चालू आहेत, शेठ."

"नावं?" शेठ माझ्याकडे बघू लागले. "वाल्मीक, तू इथं बसलायस. मग वर कोण आहे?"

लहानूने कपात तोंड घातले. मी चष्मा पुसायला घेतला. वकिलाने या प्रसंगासाठी काहीच सांगून ठेवले नव्हते. ऑफिसात तिकीटवाला होता, पार्किंगचा पोऱ्या होता, दोन वितरकांची माणसे होती, म्हणजे चारचौघे पुरेपूर होते. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"माझी बायको."

हर्षल आत आला. शेठना म्हणाला, "महिना झाला, तीच लावते. एकदा तरी तुकडा चुकला का, सांगा."

शेठनी वाजणारा फोन बंद केला. त्यांनी हे कागद माझ्या हातून घेतले आणि उभ्याउभ्या पाचवे कलम वाचले. मग परत एकदा वाचले. वाचून होईपर्यंत वरची नावे संपली आणि लोक बाहेर पडू लागले. शेठ खुर्चीत बसले आणि सही करण्याआधी बराच वेळ काहीतरी लिहीत राहिले.

वरील मजकूर मला मान्य असून मी तो पूर्ण शुद्धीत, हसत खेळत लिहिला आहे.

वाल्मीक कोंडाजी मौले
(सही)

स्थळ: मयूरध्वज चित्रमंदिर, नाशिक
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

वाल्मीकराव यांनी आमच्यादेखत सही केली आणि आम्ही त्यांच्यादेखत व एकमेकांदेखत केली.

साक्षीदार पहिला: लहानू बहिरू गांगुर्डे, कँटीन चालक
(सही)

साक्षीदार दुसरा: शेखर रामराव निकम, टॉकीज मालक
(सही)

ता. क., शेखर निकम यांचे हस्ताक्षर: केबिनचे कलम वाचले. मंजूर, पण त्यासाठी वाल्मीकच्या मरणाची वाट बघणे मला परवडणार नाही. पुढच्या शुक्रवारी अकरा सिनेमे आहेत. सौ. स्नेहल मौले यांनी सोमवारपासून रीतसर कामावर रुजू व्हावे. वाल्मीकने छायावहिनींना घेऊन खाली हॉलमध्ये बसावे, तिकीट लागणार नाही. खेळ चारच राहतील. नावे शेवटपर्यंत चालू द्यावीत.